समक्ष

त्या माणसानं बारा वर्षांत मला एकदाही राम राम घातला नाही. मी बीडच्या एका कॉलेजच्या गेटवर वॉचमन, ते आत शिकवणारे सर. सकाळी सव्वादहाला त्यांची जुनी स्कूटर गेटवर यायची, बंद व्हायची, आणि हेल्मेटच्या आतून आवाज यायचा, "काय देखलं आज?"

पहिल्या दिवशी मी म्हणालो, "काई न्हाई, सर."

"काही न्हाई असं कधी नसतं. सकाळी सातपासून डोळे उघडे हायेत ना तुमचे? मग काहीतरी देखलंच असंल."

मागं प्राचार्यांची गाडी येऊन थांबली. हॉर्न वाजला. सर हलेनात. मी म्हणालो, "एक कुत्रं लंगडत गेलं."

"कुठला पाय?"

"मागचा."

"मागचे दोन असतात."

मला आठवेना. सरांनी किक मारली. "उद्या पाय देखून ठेवा," म्हणाले आणि आत गेले. प्राचार्य काच खाली करून माझ्यावरच ओरडले.

पालीला घरी गेल्यावर मंडळीला सांगितलं, की कॉलेजात एक येडं माणूस नवीन आलंय. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "येडं कावून? दोन वर्षं झाली तुमाला त्या गेटवर. आजवर कुणी काई इचारलं का? ह्यानं इचारलं तर हा येडा?"

मंडळीला जाऊन आता दीड वर्ष झालं. तिच्याबद्दल लिहायला बसलो की सर मधे येतात, आणि सरांबद्दल लिहायला बसलो की ती येते. म्हणून दोघांचं एकाच कागदावर लिहितो. माझं शिक्षण चौथी. चुकलं तर चुकलं.

सर शिकवायचे त्या वर्गावर पाटी होती, 'गुन्हेगारी न्याय आणि सुरक्षा'. विद्यापीठाची पदवी होती ती. मी ती पाटी रोज वाचायचो. न्याय कळायचं, सुरक्षा कळायचं, मधलं 'आणि' पण कळायचं. सगळं मिळून काय होतं ते कळायचं नाही. माझ्या शर्टाच्या खांद्यावर पण सुरक्षाच लिहिलं होतं. पोरं आत बसून ती शिकायची, मी बाहेर बसून ती करायचो. दोघांनाही ती नीट येत नव्हती.

पोरं सगळी नेकनूर, पाली, असल्या गावांतून एसटीनं येणारी. त्यांना पोलीस भरती पाहिजे होती. पहाटे ग्राउंडवर पळायचं आणि दिवसा वर्गात पेंगायचं. त्यांना वाटायचं सर बंदुकीचं सांगतील, खुनाचं सांगतील. सरांनी पहिल्या तासाला विचारलं, "गेटवर कोण बसलंय? त्याचं वर्णन लिहा."

मग मला वर्गात बोलावून फळ्यापुढं उभं केलं आणि एकेकाचा कागद वाचला. एकानं मला मिशा दिल्या होत्या. मला मिशा नाहीत. एकानं लिहिलं, उंच आणि धिप्पाड. पोरं हसायला लागली. एकानं लिहिलं, गेटवर कुणी नसतं. एका पोरीनं तेवढं लिहिलं होतं, की मामांचा डावा बूट अंगठ्याजवळ फाटलेला आहे आणि त्यांनी तो काळ्या दोऱ्यानं शिवलेला आहे.

"हा माणूस दोन वर्षं तुमच्या वाटेवर बसलाय," सर पोरांना म्हणाले. "तो तुम्हाला दिसला न्हाई, आणि तुम्हाला चोर पकडायचेत."

मी बूट मागं ओढला. लाज वाटली. पण खरं सांगतो, बरं पण वाटलं. तो बूट मंडळीनं शिवला होता.

सर उंच होते, वाळलेले. शर्टाच्या खिशात खडू आणि पँटच्या खिशात मोजायची टेप. त्यांच्या वालिदांचं, म्हणजे वडलांचं, जुन्या बाजारात कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथूनच सरांना प्रत्येक वस्तूच्या पोटात बघायची खोड लागली असावी. काही खाली पडलं, पेन म्हणा, चावी म्हणा, तर लगेच उचलायचे नाहीत. आधी खाली बसून खडूनं त्याच्याभोवती गोल काढायचे आणि मग उचलायचे. कॉलेजच्या फरशीवर असले गोल सगळीकडे. झाडणारी बाई शिव्या द्यायची. मी एकदा विचारलं, "सर, पेन तुमचाच हाय. गोल कशाला?"

"उचलल्यावर कसं सांगणार, की तो इथंच होता?"

"कुणाला सांगायचंय?"

"ते आधी माहीत नसतं, मियाँ. म्हणून तर गोल."

'अंदाजे' हा शब्द त्यांच्यापुढं काढायची सोय नव्हती. कुणी म्हणालं, अंदाजे वीस फूट, की टेप काढून त्याच्या हातात. चोर शब्द पण चालायचा नाही. कोर्टानं सांगेपर्यंत कुणीच चोर नाही. एका कुत्र्यानं त्यांचा डबा पळवला, तर त्या कुत्र्याला ते वर्षभर 'संशयित' म्हणत होते. "पंच साहेब, संशयित आला का आज?" मला ते पंच साहेब म्हणायचे. आणि संशयिताला रोज अर्धी चपाती टाकायचे.

मंडळी कधी कधी डबा घेऊन यायची. तिनं एकदा सरळ विचारलं, "सर, तुमी लगीन कावून न्हाई केलं?"

"भाभी, आमच्यात निकाहला दोन गवाह लागतात. खरं बोलणारे दोन अजून मिळाले न्हाईत."

मंडळी पदर तोंडाला लावून हसली. घरी येताना म्हणाली, "आपुन दोघं झालो असतो की."

पंच म्हणजे काय ते मला शेळीच्या खटल्यात कळलं.

कॉलेजच्या भिंतीला लागून एक धनगराची म्हातारी शेळ्या चारायची. एक दिवस व्हरांड्यात ठेवलेल्या पोरांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या फाटलेल्या सापडल्या, आणि जवळ एक काळी शेळी उभी. दुसरे सर असते तर शेळीला काठी आणि म्हातारीला शिवी देऊन मोकळे झाले असते. आमच्या सरांनी शेळीवर खटला भरला. वर्गात बाकाला शेळी बांधली. एक पोरगा सरकारी वकील झाला. सर शेळीचे वकील. म्हातारी दारात बसून ओरडायली, "माजी शेळी गरीब हाय रं बाबा! तिनं कागूद खाल्ला तर माज्या जिवाला घोर!"

पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक मी. मंडळी तेवढ्यात डबा घेऊन आली, तर सर म्हणाले, "भाभी, तुम्ही पंच क्रमांक दोन."

"मला काई येत न्हाई, सर."

"देखता येतं ना? बस."

मग मला उभं केलं. सरकारी वकिलानं विचारलं, शेळीनं वह्या खाल्ल्या का? मी छाती काढून म्हणालो, खाल्ल्या. मी पाहिलं.

सर उठले. "पंच साहेब, कागद शेळीच्या तोंडात देखला?"

"तोंड हालत होतं, सर."

"शेळीचं तोंड दिवसभर हालतं. तोंडात कागद देखला?"

"न्हाई... पण वह्या फाटलेल्या होत्या."

"फाडताना देखली?"

"न्हाई."

"मग काय देखलं?"

"वह्या देखल्या. शेळी देखली."

"मधलं कुणी भरलं?"

पोरं टाळ्या वाजवायली. "मधलं तुम्ही भरलं," सर म्हणाले. शेळी सुटली. जाता जाता तिनं सरकारी वकिलाचा कागद ओढला आणि चावला. सगळ्यांच्या देखत. सर इतके हसले की खाली बसले. "हा दुसरा गुन्हा," म्हणाले, "ह्याचे तीस गवाह!"

त्याच दिवशी त्यांनी पंचनाम्याचा कागद माझ्यापुढं धरून 'आम्हा पंचांसमक्ष' ह्या शब्दावर बोट ठेवलं. समक्ष म्हणजे काय, विचारलं. मी म्हणालो, हजर असणं. साहेबाच्या समक्ष सही केली, म्हणजे साहेब समोर होता.

"न्हाई. अक्ष म्हणजे डोळा. समक्ष म्हणजे डोळ्यापुढं. तुम्ही खोलीत असाल आणि पाठ करून उभे असाल, तर ते समक्ष न्हाई. जे डोळ्यापुढं झालं न्हाई त्यावर सही करायची न्हाई. प्राचार्य म्हणू देत, कलेक्टर म्हणू देत."

मंडळीनं अंगठा पुढं केला, तर त्यांनी शाईचा पॅड मागं ओढला. "अंगठा न्हाई, भाभी. सही."

"मला कुटं येती सही?"

त्यावर पुढचे दोन महिने डब्याच्या वेळेला सरांनी तिला गेटवर बसून नाव लिहायला शिकवलं. फरशीवर खडूनं. मी रोटी खायचो आणि ते दोघं जमिनीवर वाकलेले. पहिल्यांदा नाव पूर्ण आलं त्या दिवशी तिनं ते पुसू दिलं नाही. सरांनी त्याच्याभोवती गोल काढला.

पुढं तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, बीडच्या दवाखान्यात डायलिसिस. दवाखान्याच्या कागदावर अंगठा मागितला तर तिनं नर्सला सांगितलं, "मला सही येती," आणि हळूहळू, मान तिरकी करून, केली. तसल्या दुखण्यात पण तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

माझी ड्यूटी सात ते तीन. दवाखान्यात तिला बारा वाजता न्यावं लागायचं. मी एजन्सीचा माणूस, सुट्टी कोण देणार? सर म्हणाले, "जावा. मी बसतो." मला वाटलं बोलायला म्हणाले. परत आलो तर खरंच माझ्या खुर्चीत बसलेले, माझी टोपी घालून, मांडीवर गेटचं रजिस्टर. माझ्या सबंध नोकरीत त्या रजिस्टरमधे जेवढं लिहिलं गेलं नव्हतं तेवढं त्यांनी तीन तासांत लिहिलं होतं. 'एक वाजून दहा मिनिटे. निळा शर्ट, उजव्या हाताला पट्टी, लायब्ररी विचारली.' पुढं दर मंगळवार, दर शुक्रवार, त्यांचे तास सकाळी आणि दुपारी खुर्ची. एकदा एक नवीन प्राध्यापक त्यांना म्हणाला, ए वॉचमन, गाडी नीट लाव माझी. सरांनी उठून नीट लावली. आणि रजिस्टरमधे लिहिली.

आता जे लिहायचं ते लिहितो. त्यासाठीच बसलो आहे.

परीक्षा होती. सरांनी एकाला कॉपी करताना धरलं. तो संस्थेतल्या एका वजनदार माणसाचा भाचा होता. सरांना सांगितलं गेलं, सोडा. सरांनी त्याच्या बाकाभोवती खडूचा गोल काढला, वेळ लिहिली आणि रिपोर्ट केला. आठच दिवसांनी कॉलेजात गवगवा झाला, की प्रश्नपत्रिकेचं फोडलेलं पाकीट सरांच्या कपाटात सापडलं. त्या खोलीतला कॅमेरा नेमका त्या दिवशी बंद.

दुपारी मला ऑफिसात बोलावलं. हेडक्लार्क बसलेला, शिपाई उभा. टेबलावर पंचनामा. आधीच लिहिलेला, सुंदर अक्षरात. शिपायाची सही झालेली होती. खाली माझं नाव तयार.

"सही कर बे," हेडक्लार्क म्हणाला.

मी वाचला. चौथीचा असलो तरी वाचता येतं मला. 'आम्हा पंचांसमक्ष सदर कपाट उघडण्यात आले असता...' मी म्हणालो, "साहेब, मी तर गेटवर होतो."

"आता कुठंस?"

"हितं."

"माझ्या समोर उभा हायस ना? माझ्या समक्ष सही करणार ना? मग झालं की समक्ष." तो शिपायाकडं बघून हसला. मग पंख्याकडं बघत म्हणाला, "तुझी मंडळी कशी हाय? डायलिसिस चालूच असंल. एजन्सीचा फोन आलता, माजलगावच्या पलीकडं गोदामावर माणूस पाहिजे म्हणतेत. मी म्हणलं, ह्याला नका हलवू, ह्याची अडचण हाय."

मी सही केली.

मी अडाणी म्हणून फसलो असं इथं लिहिता आलं असतं. वाचणाऱ्याला बरं वाटलं असतं. पण तसं नाही. समक्षचा अर्थ त्या बीड शहरात माझ्याइतका कुणाला शिकवला नसंल. शेळी बांधून शिकवला होता. मी हेडक्लार्कचा अर्थ धरला, कारण तो मला सोयीचा होता. पेन टेबलावरून खाली पडला तो मी पटकन उचलला. गोल नाही काढला.

महिन्यानं चौकशी लागली. बाहेरचे एक रिटायर साहेब आले होते. प्राचार्यांच्या केबिनमधे टेबल, एका बाजूला सर, समोर मी. शुक्रवार होता. मंडळीला दवाखान्यात न्यायचं म्हणून मी तिला बरोबर आणलेलं, ती बाहेर बाकावर बसली होती, हाताला पट्टी. केबिनच्या दाराला काच होती. तिला मी साक्षीचं सांगितलं नव्हतं. आत काम हाय, एवढंच सांगितलं होतं.

साहेबांनी विचारलं, कपाट तुमच्यासमोर उघडलं? मी म्हणालो, हो. पाकीट तुमच्यासमोर निघालं? हो. साहेब सरांकडं वळले. "तुम्हाला ह्या साक्षीदाराला काही विचारायचंय?"

सरांच्या एका हातात टेप होती, एका हातात वही. मला माहीत होतं ते काय विचारणार. कपाटाला कप्पे किती. कुलूप डाव्या दाराला का उजव्या. पाकीट कितव्या कप्प्यात. मला एकाचंही उत्तर देता आलं नसतं. तीन प्रश्नांचं काम होतं. शेळीसाठी ज्या माणसानं मला पोरांपुढं उभा सोलला, तो स्वतःच्या नोकरीसाठी काय करील? आणि देवाची शपथ, मनात एक कोपरा म्हणत होता, विचारा सर. काढा माझ्याकडून. मला जमत नाही, तुम्ही काढा.

सरांनी दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं.

"पंच साहेब," ते म्हणाले, "भाभींची तब्येत कशी हाय?"

साहेब म्हणाले, "हा प्रश्न विषयाला धरून नाही."

"मग माझे प्रश्न न्हाईत," सर म्हणाले. वही मिटली. टेप खिशात टाकली.

ऑटोत मंडळीनं विचारलं, "सर पण आत होते ना? काय म्हणले?"

"तुझी तब्येत इचारली."

"देवमाणूस हाय," ती म्हणाली. सबंध रस्ता मी बाहेर बघत होतो. एक गोष्ट पाहिलेली आठवत नाही.

सरांना काढलं. पेपरात चार ओळी आल्या. ते शिकवणीवर्गांत गेले, पण पेपरफुटीतला माणूस म्हणून कुणी ठेवून घेतलं नाही. मग वालिदांच्या दुकानात कुलपं दुरुस्त करायला बसायला लागले. मी त्या बाजारातून जाणं सोडलं. मी त्याच गेटवर, त्याच खुर्चीवर. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बारा वाजता खुर्ची रिकामी राहायची आणि मला कुणी काही म्हणायचं नाही. ती माझ्या सहीची मेहरबानी होती.

मंडळीला मी दोन वर्षांनी सांगितलं. ती आता अंथरुणावरच असायची. मला वाटलं ती रडंल. ती रडली नाही.

"मला सही शिकवताना म्हणले होते, न पाहिलेल्यावर करायची न्हाई. तुमाला न्हाई सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"तुझ्यासाठी केलं ना."

"माझ्यावर ढकलू नका," ती म्हणाली. "मला इचारलं होतं का? मी बाहीर बाकावर बसलेली होते. दार उघडून इचारायचं होतं."

मग ती रोज म्हणायची, मला सरांकडं न्या, तुमच्यानं होत न्हाई तर मी बोलते. मी रोज म्हणायचो, आज ऊन हाय, आज तुला दम लागलाय, सोमवारी जाऊ. असे किती सोमवार गेले. जिच्या नावानं मी खोटं बोललो तिला एवढी एक गोष्ट मी दिली नाही, आणि ती गेली.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी अंगणात स्कूटर बंद झाल्याचा आवाज आला. सर. लई वाळले होते. आत आले, भिंतीला टेकून बसले. 'काय देखलं' म्हणाले नाहीत. दाराजवळ तिची चप्पल होती, शेवटचं दवाखान्यात उचलून नेताना काढून ठेवली तशीच, एक सरळ, एक आडवी. पाहुण्यातली एक बाई ती बाजूला करायला वाकली. सर म्हणाले, "थांबा." खिशातून खडू काढला. अजून होता त्यांच्या खिशात. खाली बसले आणि शहाबादी फरशीवर दोन्ही चपलांभोवती हळूच गोल काढले. मग त्या बाईला म्हणाले, "आता हलवा." बाई हलवेना.

मी त्यांना स्कूटरपर्यंत सोडायला गेलो. तिथं म्हणालो, "सर, मी पाहिलं नव्हतं."

"माहीत हाय."

"मग कावून न्हाई इचारलं? तीन प्रश्नांत मी पडलो असतो."

सर हेल्मेटचा पट्टा लावत होते. "पडला असता ना. दाराला काच होती, पंच साहेब. भाभींच्या समक्ष मला ते जमलं न्हाई."

मी त्यांचे पाय धरायला गेलो, तर मागं सरले. "ते नको. लिहून द्या. घाई न्हाई. पण जे देखलं तेवढंच लिहा. मधलं भरू नका."

त्यांनी म्हटलं घाई न्हाई, ते मी खरं धरलं. माझी आणखी एक सोय. लिहायला बसायचो, दोन ओळी व्हायच्या, फाडायचो. कधी हेडक्लार्कला शिव्या जास्त व्हायच्या, कधी मंडळीचं दुखणं जास्त व्हायचं. सगळं मधलं भरलेलं. एका पानावर तेवढं नीट आलं तेव्हा दहा महिने गेले होते. धुतलेला शर्ट घालून एसटीनं बीडला गेलतो. जुन्या बाजारात दुकानाला कुलूप. समोरच्या फळवाल्यानं बघितलं.

"किसको देखते, चाचा? सर तो गये. पंधरा रोज हो गये."

"कुटं गेले?"

त्यानं वर हात केला आणि पपईवरच्या माश्या हाकलायला लागला.

तिथून मी कॉलेजात गेलो. गेटवर नवीन वॉचमन, मोबाईलमधे बघत होता. मी त्याच्यासमोरून आत गेलो, त्यानं मला पाहिलं नाही. ऑफिसात तोच हेडक्लार्क, केस पांढरे. कागद वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "माणूसच ऱ्हायला न्हाई, आता कुणाला देतो? फाईल बंद हाय. घरी जा. म्हातारा झालास." मी म्हणालो, आवक नोंद तरी करा. तो म्हणाला, चहा घेतो का?

चहा घेतला नाही. कागद खिशात घालून परत आलो. घरातले गोल झाडताना पुसट होतात, ते मी परत काढतो. खडू सरांचा नाही, दुकानातला आहे.

तो कागद कुणी घेत नाही म्हणून इथं उतरवतो. वाचणाऱ्यानं नोंद घ्यावी.

त्या दिवशी दुपारी मी गेटवर होतो. कपाट उघडताना मी पाहिलं नाही. पाकीट मी पाहिलं नाही. त्या कपाटाला किती कप्पे आहेत ते मला आजही माहीत नाही. माझ्या डोळ्यापुढं झालं ते एवढंच, की कागद आधीच लिहिलेला होता, पेन निळा होता आणि हात माझा होता.

पंच क्रमांक एक म्हणून खाली सही करतो आहे. क्रमांक दोनची ओळ कोरी ठेवली आहे.